इतिहासाचे एक गुरू : फादर हेरास



मंगळवारी चतुर्थी आली की आमच्या टिटवाळ्याच्या स्टेशनात पाय ठेवायला जागा उरत नाही. पहाटेच्या पहिल्या गाडीपासून माणसांची रीघ लागते. कुणाच्या हातात जास्वंदीची फुले, कुणाच्या खांद्यावर पेंगुळलेले पोर. सगळ्यांची पावले महागणपतीच्या देवळाकडे. एरवी मात्र गाव शांत असते. अशाच एका शांत सकाळी मी पाचवीची मुले घेऊन देवळात गेलो होतो. दर्शन झाले, प्रसाद झाला, आणि मुलांना तळ्याच्या काठी बसवून मी टिटवाळ्याची कथा सांगायला लागलो.

ही कथा आमच्याकडे आजी नातवाला सांगते. इथे म्हणे कण्व ऋषींचा आश्रम होता. दुष्यंत राजा शकुंतलेला विसरला, तेव्हा कण्वांनी तिला गणेशाची आराधना करायला सांगितली आणि तिचा संसार पुन्हा जुळला. म्हणूनच जमत नसलेली लग्ने या गणपतीच्या दर्शनाने जमतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. पुढे पेशवाईत या तळ्यातला गाळ उपसताना मूर्ती सापडली आणि थोरल्या माधवरावांच्या काळात देऊळ झाले, असेही परंपरा सांगते. मी रंगात येऊन सांगत होतो. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, शकुंतला इथंच राहत होती, हे कशावरून?”

बाकीची मुले हसली. मी मात्र हसलो नाही. कारण हाच प्रश्न फार वर्षांपूर्वी मला कुणीतरी विचारला होता, आणि ज्यांनी विचारला ते आज हयात नाहीत.

मी महाविद्यालयात शिकत असताना आमचे इतिहासाचे एक सर होते. मी एक निबंध मोठ्या झोकात लिहिला होता. वीरश्री, अलंकार, सगळे काही होते. सरांनी वही परत दिली तेव्हा समासात ठिकठिकाणी लाल शाईने एकच शब्द लिहिलेला : ‘कशावरून?’ मोजले तर अकरा वेळा. मला राग आला. सर म्हणाले, “रागावू नकोस. मलाही असंच विचारलं गेलं होतं.” सर तरुणपणी मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात शिकले होते. तिथल्या एका गुरूची ते सतत आठवण काढीत. सरांचे नाव मी इथे घेत नाही. स्वतःविषयी बोललेले त्यांना आवडत नसे. पण त्यांच्या त्या गुरूंविषयी मात्र आज बोलायचे आहे. त्यांचे नाव फादर हेन्री हेरास.

नाव ऐकून तुम्हाला वाटेल, हे कोण परके गृहस्थ? जन्माने ते परकेच होते. स्पेन देशातल्या बार्सिलोना शहरी ११ सप्टेंबर १८८८ रोजी त्यांचा जन्म झाला. तरुणपणीच ते येशूसंघात, म्हणजे जेझुइट पंथात, दाखल झाले, आणि १९२२ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मुंबईला आले. धोबीतलावाजवळचे सेंट झेवियर महाविद्यालय त्यांच्या वाट्याला आले, आणि तिथे एक गंमत घडली. प्राचार्यांनी त्यांना विचारले, तुम्ही कोणता इतिहास शिकवाल? हेरास म्हणाले, भारताचा. त्याविषयी तुम्हाला काय माहीत आहे? काहीच नाही, असे सरळ उत्तर आले. मग शिकवणार कसे? हेरास म्हणाले, शिकून घेईन.

मंडळी, ही आठवण त्यांचे शिष्य पुढे मोठ्या प्रेमाने सांगत. मला स्वतःला तर ती प्रत्येक शिक्षकाच्या खोलीत लावून ठेवावीशी वाटते. ‘मला माहीत नाही’ हे म्हणायला शिक्षकाची जीभ किती जड होते, ते आपण शिक्षकच जाणतो. हेरासांनी मात्र तिथूनच आरंभ केला. परक्या देशाचा इतिहास शिकवायला आलेला माणूस आधी त्या देशाचा विद्यार्थी झाला.

आणि विद्यार्थी झाले ते कसे? अवघ्या पाच वर्षांत, १९२७ साली, विजयनगरच्या अरविडू घराण्याचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १५६५ सालच्या तालिकोटच्या लढाईत विजयनगर मोडले, हे आपण शाळेत शिकतो, आणि तिथे धडा संपतो. हेरास म्हणाले, संपत कसा नाही! राजधानी गेली तरी राज्य पुढे चालले, त्याचे काय झाले ते पाहू या. त्यांनी शिलालेख पाहिले, देशी काव्ये आणि बखरी धुंडाळल्या, मुसलमान इतिहासकार वाचले. शिवाय त्यांच्या स्वतःच्या पंथातल्या पाद्र्यांनी त्या काळी दक्षिणेतून युरोपला पाठवलेली पत्रे त्यांनी बाहेर काढली. ही सगळी साधने समोरासमोर ठेवून, कोण कुठे खरे बोलतो आणि कुठे आपल्या बाजूचे बोलतो, याची पारख केली. पुढे त्यांनी पल्लवांच्या इतिहासावरही ग्रंथ लिहिला. धर्माने ख्रिस्ती, जन्माने स्पॅनिश, आणि आयुष्य घातले हिंदू राजवटींच्या शोधात!

पण स्वतः ग्रंथ लिहिणे निराळे आणि इतरांना लिहिते करणे निराळे. १९२६ साली हेरासांनी महाविद्यालयातच भारतीय इतिहासाची एक संशोधनसंस्था काढली. तोवर इतिहास शिकायचा म्हणजे साहेबाने लिहिलेले पुस्तक पाठ करायचे आणि परीक्षेत ओकायचे, असाच बहुतेक ठिकाणचा प्रकार होता. हेरासांचे म्हणणे असे की, मुलाच्या हाती पुस्तकाआधी साधन द्या. ताम्रपट द्या, नाणे द्या, जुने पत्र द्या, पडक्या देवळासमोर उभे करा. म्हणून त्यांनी संस्थेबरोबर ग्रंथालय वाढवले, जुन्या वस्तूंचे संग्रहालय जमवले. भारतीय विद्यार्थ्यांनी इतिहास कसा लिहावा, यावर एक छोटे पुस्तकही लिहिले. साधन अस्सल आहे की नकली, लिहिणारा माणूस घटनेच्या किती जवळ होता, त्याचा स्वार्थ कशात होता, हे तपासायचे धडे ते आपल्या विद्यार्थ्यांना देत.

त्या संस्थेतून जी माणसे बाहेर पडली, त्यांतल्या दोघातिघांची नावे सांगतो. जॉर्ज मोराइश यांनी कर्नाटक-गोव्याकडच्या कदंब घराण्याचा इतिहास लिहिला. तो १९३१ साली प्रसिद्ध झाला. फादर जॉन कोरेया-अफोन्सो यांनी जेझुइटांच्या पत्रांचा इतिहासाचे साधन म्हणून अभ्यास केला आणि पुढे संस्थेची धुरा वाहिली. आणि तिसरे नाव महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांनी लक्षात ठेवावे असे : हसमुख धीरजलाल सांकलिया.

सांकलिया १९०८ साली मुंबईत जन्मले. हेरासांच्या हाताखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. तो १९३४ साली पुस्तकरूपाने आला. मग ते विलायतेला गेले. तिथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात हाती खुरपी घेऊन माती शास्त्रशुद्ध कशी खणायची ते शिकले, आणि १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. गुरू कागद आणि दगड वाचीत होता, शिष्य माती वाचू लागला. नाशिक, प्रवरेकाठचे जोर्वे, नेवासे, इनामगाव ही नावे आज पुरातत्त्वाच्या जगात सर्वतोमुखी आहेत, ती त्यांच्यामुळे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांमुळे.

यातले नेवासे आपण क्षणभर डोळ्यांसमोर आणू या. नेवासे म्हटले की वारकऱ्याचे हात आपोआप जुळतात. ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली ती तिथे. त्याच नेवाशाला १९५४ पासून सांकलियांनी लाडमोड नावाच्या टेकाडावर खणायला आरंभ केला. एकाखाली एक थर निघत गेले. सातवाहनकालीन वस्ती निघाली. तिच्याखाली तांब्याची आणि दगडाची हत्यारे एकत्र वापरणारे, रंगीत मडकी घडवणारे, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे शेतकरी निघाले. आणि प्रवरेच्या पात्रातल्या खडीत त्याहून कितीतरी जुन्या माणसाची ओबडधोबड दगडी हत्यारे मिळाली. आता मला सांगा, यामुळे ज्ञानेश्वरीतली एक ओवी तरी उणी झाली का? उलट माउलींच्या कितीतरी आधीपासून त्या नदीकाठी माणसाने संसार मांडला होता, हे कळल्यावर ती भूमी मला अधिकच जिव्हाळ्याची वाटते. शोध घेतला की श्रद्धा मोडते, अशी जी भीती आपल्याला वाटते, ती नेवाशाच्या त्या टेकाडावर जाऊन एकदा तपासावी.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. गेलेल्या गुरूविषयी बोलताना आपल्याकडे फक्त गोड बोलायची रीत आहे. परंतु ज्याने जन्मभर ‘आधार दाखवा’ म्हटले, त्याच्या बाबतीत तसे करणे म्हणजे त्याचाच पाठ विसरणे होय.

मोहेंजोदडो आणि हडप्पा इथल्या प्राचीन संस्कृतीचा शोध १९२४ साली जगाला कळला. तिथल्या मुद्रांवर चित्रांसारखी एक लिपी आहे. ती कुणालाच वाचता येईना. फादर हेरास या लिपीच्या मागे लागले. आयुष्याची जवळजवळ पंचवीस वर्षे त्यांनी त्यात घातली. ही भाषा द्राविड कुळातली आहे, असे त्यांचे मत झाले, आणि मुद्रांमागून मुद्रा ते वाचीत गेले. मग तर ते म्हणू लागले की, हेच लोक भारतातून सुमेर, मिसर आणि थेट भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत, म्हणजे स्पेनपर्यंत पोचले. १९५३ साली त्यांचा या विषयावरचा मोठा ग्रंथ आला. योगायोग कसा पाहा! बार्सिलोनाचा मुलगा मुंबईकर झाला, आणि त्याच्या सिद्धांतात त्याच्या दोन्ही मायभूमी एका धाग्यात ओवल्या गेल्या.

पण कशावरून? विद्वानांनी हा प्रश्न विचारला, आणि हेरासांचे ते वाचन टिकले नाही. ती लिपी आजही कुणाला निर्विवाद वाचता आलेली नाही. २०२५ साली तमिळनाडूच्या सरकारने तिचा उलगडा करणाऱ्याला दहा लाख डॉलरांचे इनाम जाहीर केले, यावरून कोडे किती कठीण आहे ते ध्यानात येईल. तरीही त्या पंचवीस वर्षांतली एक गोष्ट राहिली. मुद्रांवर माशाचे चिन्ह वारंवार येते. हेरासांनी म्हटले, द्राविड भाषांत ‘मीन’ म्हणजे मासा आणि ‘मीन’ म्हणजे चांदणीसुद्धा. मग हे मासे खरे मासे नसून आकाशातल्या चांदण्या असतील काय? हा तर्क मात्र पुढच्या संशोधकांनी टाकून दिला नाही. फिनलंडचे आस्को पार्पोला यांनी त्याच वाटेने आपले काम पुढे नेले. तो तर्कच आहे, सिद्ध झालेला नाही. पण तो अजून जिवंत आहे.

आणि शिष्यांनी काय केले? सांकलियांनी गुरूचा मान जन्मभर राखला, पण लिपी वाचण्याची वाट धरली नाही. जे कुदळीला लागते आणि मोजता येते, त्यावर त्यांनी भर दिला. मला यात गुरूचा अवमान दिसत नाही. ज्या गुरूने प्रश्न विचारायला शिकवले, त्याच्या शिष्याने गुरूलाही तोच प्रश्न विचारावा, हीच खरी गुरुदक्षिणा. ‘गुरू म्हणाले म्हणून खरे’ असे म्हणणारा शिष्य हेरासांच्या संस्थेत नापास झाला असता.

१४ डिसेंबर १९५५ रोजी फादर हेरास मुंबईतच निवर्तले. आपल्या मुलखात ते कायमचे परत गेले नाहीत. त्यांच्या संस्थेला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. १९८१ साली भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. सांकलियाही २८ जानेवारी १९८९ रोजी गेले. आमचे सरही गेले. सरांच्या दहाव्याला आम्ही जुने विद्यार्थी जमलो होतो. कुणीतरी सरांची एक आठवण सांगायला लागला, आणि ती जरा फुगवून सांगतो आहे असे दिसताच दुसरा पटकन म्हणाला, “कशावरून रे?” सगळे हसले, आणि मग सगळ्यांचेच डोळे भरून आले.

आता पुन्हा तळ्याच्या काठी येऊ या. ती मुलगी अजून उभीच आहे, आणि तिला उत्तर हवे आहे.

खरे सांगायचे तर मला दोन सोप्या वाटा होत्या. एक, “देवाच्या जागी असं विचारू नये, खाली बस.” दुसरी, “सगळ्या थापा आहेत.” पहिल्या उत्तराने तिची जिज्ञासा मेली असती, दुसऱ्याने तिच्या आजीचे मन दुखावले असते, आणि दोन्हींत इतिहास कुठेच नव्हता. मी तिला म्हटले, “बाळ, मला माहीत नाही. आपण शोधू या.” हेरासांचेच उत्तर, थोडेसे उसने घेतलेले.

मग आम्ही वहीवर तीन रकाने आखले : ऐकलेले, पाहिलेले आणि लिहिलेले. ‘ऐकलेले’ या रकान्यात शकुंतलेची कथा मानाने लिहिली. त्याखाली हेही लिहिले की, कालिदासाच्या नाटकात कण्वांचा आश्रम मालिनी नदीच्या काठी आहे, आणि आमची नदी तर काळू. उत्तराखंडात कोटद्वारजवळ लोक दुसरा कण्वाश्रम दाखवतात. म्हणजे एकच कथा दोन गावांनी आपली मानली आहे. कथा गावांना का आवडतात आणि त्या प्रवास कशा करतात, हाही इतिहासाचाच विषय आहे.

‘पाहिलेले’ या रकान्यासाठी मुलांना घेऊन भिवंडीकडच्या लोनाडला जायचे ठरले. तिथे बौद्ध लेणे आहे, शिलाहारांच्या काळातले जुने देऊळ आहे. जवळच चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेव याचा शके ११६१ चा शिलालेख मिळाला. अंबरनाथचे शिवमंदिरही आमच्यापासून फार लांब नाही. त्याच्या लेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, ही मिती आहे. तिथे ‘कशावरून’ विचारले तर दगडच उत्तर देतो.

आणि ‘लिहिलेले’ या रकान्यात जे भरत गेले, त्याने मुलांचे डोळे विस्फारले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक दर्यावर्दीने आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. तीत ‘कल्लिएन’ या बंदराचे नाव येते. ते आपले कल्याण. राजसत्तेच्या झगड्यात तिथला परदेशी व्यापार अडवला गेला, आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही त्यात आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत ज्यांनी दाने दिली, त्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. त्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, सोनार आहे आणि एक लोहारही आहे. राजाचे नाव सगळ्यांनाच ठाऊक असते. पण कल्याणच्या त्या लोहाराने आपल्या घामाच्या पैशातून दान दिले आणि ते दगडावर राहिले, हे ऐकून वर्गातल्या एका मुलाची मान ताठ झाली. त्याच्या वडिलांची भाता-ऐरण अजून चालू आहे. कल्याणहून मुरबाडवरून नाणेघाट चढून जुन्नरला जाणारी तांड्यांची वाट आमच्या गावापासून फार लांब नाही, हेही नकाशावर बोट ठेवून पाहिले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, यातले काहीही करायला पैसा लागत नाही. तुमच्या गावात वीरगळ असेल, गधेगळ असेल, पडकी बारव असेल, पाटलाच्या घरी मोडी कागदांचे दप्तर असेल. दगडाला शेंदूर असेल तर तो खरवडू नका, कागद ओल्या हाताने हाताळू नका. जे दिसेल ते जसेच्या तसे लिहून घ्या, आणि म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा, कारण ती साधने सगळ्यांत लवकर नाहीशी होतात. मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आले नाही तर खाली मान घालू नका. बार्सिलोनाहून आलेल्या त्या माणसाला पहिल्या दिवशी काहीच येत नव्हते.

त्या मुलीच्या प्रश्नाला मी अजूनही पुरे उत्तर दिलेले नाही. तीन रकान्यांची वही मात्र तिच्याचकडे असते. परवा मी तिला म्हटले, “आता ही वही पूर्ण झाली असं समजू या.” तिने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, “कशावरून, गुरुजी?”